पाण्याखालचा पत्ता

चि. सुमितला अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू पेनड्राइव्हवर ठेवून गेलेला तो कोरियन माहितीपट परवा एकदाचा पाहिला. 'बामसॉम पायरेट्स सोल इन्फर्नो', २०१७ चा, जंग युन-सकचा. खरं सांगते, सुरुवातीलाच आवाज बंद केला. बाबा आतून विचारत होते, "मिक्सरमध्ये चमचा राहिलाय का?"

'बामसॉम पायरेट्स' हा दोनच पोरांचा बँड. एकाकडे बेस, दुसऱ्याकडे ड्रम, आणि घसा फाटेस्तोवर आरडाओरडा. गाणं सुरू झालं म्हणेपर्यंत संपतं. यातलं अक्षर कुणाला कळणार नाही हे त्यांनाही ठाऊक, म्हणून मागे पडद्यावर शब्द दाखवतात. ते मात्र मला पटलं. तीस वर्षं मीही वर्गातल्या गोंगाटात फळ्यावर लिहूनच निभावलं.

मला अडकवलं ते त्यांच्या नावानं. शोधून वाचलं. बामसॉम हे सोलमधल्या हान नदीतलं बेट. १९६८ च्या फेब्रुवारीत ते सुरुंग लावून उडवलं, कारण शेजारच्या योइदो बेटाला बांध घालायला दगड हवा होता. ६२ घरं, ४४३ माणसं, त्यांत होड्या बांधणारे बरेच. सगळ्यांना उचलून वाउसान टेकडीच्या पायथ्याशी नेऊन बसवलं. ग्रामदेवतेचं ठाणंही त्यांच्याबरोबर गेलं. पुढे नदीनंच गाळ आणून आणून बेट पुन्हा उभं केलं. आता तिथं पक्ष्यांना मोकळीक आणि माणसांना बंदी. २०१२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नावही लागलं. जुन्या रहिवाशांना कधीतरी बोटीनं नेतात. पूर्वजांना नमस्कार करायचा आणि परत यायचं.

हे वाचताना आजींची आठवण आली. उजनीच्या पाण्यात आपलं घर गेलं. हिवाळ्यात तिथं रोहित पक्षी उतरतात आणि पुण्याहून मोठाले कॅमेरे घेऊन माणसं येतात. आजी म्हणायच्या, "माझ्या परसात उभी राहून पाखरं बघतात, आणि मलाच विचारतात, मावशी, इथं काय होतं?"

त्या वाउसानला लागूनच होंगिक विद्यापीठ, म्हणजे तुझ्या तोंडी सारखं असतं ते होंगडे. तिथं 'दुरीबान' नावाची खानावळ होती. कालगुक्सु करायचे, म्हणजे सुरीनं कापलेल्या शेवया रश्शात, आपल्या वरणफळांची चुलतबहीण म्हण. दुरीबान म्हणजे बऱ्याच जणांनी भोवती बसून जेवायचं गोल मेज. २००९ मध्ये नाताळच्या आदल्या दिवशी त्यांना जबरदस्तीनं बाहेर काढलं. मालकीणबाईंनी पत्र्याचं कुंपण कापलं, आत शिरल्या आणि ठाण मांडलं. ५३१ दिवस! त्या रिकाम्या इमारतीत बँडवाली पोरं येऊन वाजवायची, ही दोघंही. मोबदल्यासाठी आपली माणसं कचेरीबाहेर बसायची, तेव्हा सोबतीला फार तर भजनी मंडळ असायचं.

सिनेमाचा उत्तरार्ध मला जड गेला. त्यांचा निर्माता मित्र पार्क जंग-गन. त्यानं उत्तर कोरियाच्या सरकारी ट्विटर-खात्यावरचे संदेश थट्टेनं पुढे पाठवले. त्यांच्या प्रचाराच्या चित्रात सैनिकाच्या जागी स्वतःचा पडलेला चेहरा चिकटवला आणि बंदुकीच्या जागी व्हिस्कीची बाटली. जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली अटक. नोव्हेंबरात दहा महिन्यांची शिक्षा, दोन वर्षं स्थगित. २०१३ मध्ये अपिलात सुटला आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच कायम केलं. म्हणजे ही चेष्टा होती हे ठरायला अडीच वर्षं लागली. आणि चेष्टा समजावून सांगायची म्हणजे काय वैताग असतो, हे विनोद फसलेल्या कुणालाही विचार.

आपल्या घरातही हे झालंय, तुला कुणी सांगितलं नसेल. आजोबा मोबदल्याच्या कागदांसाठी गेले तेव्हा साहेबानं पत्ता विचारला. आजोबा म्हणाले, "लिहा, चार पुरुष खोल पाण्याखाली, कटला माशाच्या शेजारी." रांगेतले सगळे हसले. साहेब हसला नाही. कागद सात महिने हलले नाहीत. तेव्हापासून आजी घरात कुणी जरा तिरकं बोललं की "कटला!" एवढंच म्हणायच्या आणि माणूस गप्प व्हायचा. मी सून म्हणून आले आणि महिन्याभरात शिकले.

तर त्या रात्री साडेअकराला फोन करून तुला तू टँकरबद्दल लिहिलेल्या चार ओळी काढून टाकायला लावल्या, तेव्हा बोलत मी होते, पण तो 'कटला' होता. तू मुकाट्यानं काढल्यास आणि नंतर तीन आठवडे नुसतं "हो, जेवलो" म्हणत राहिलास. भीती गेलीय असं म्हणत नाही. सिनेमा पाहून वाढलीच थोडी.

पण त्या ओळी मला पाठव. नीट वाचायच्याही आधी काढायला लावल्या होत्या. मोठ्या अक्षरात लिही, चष्म्याचा नंबर वाढलाय. आणि मे महिन्यात ये. पाणी खाली गेलं की पळसदेवच्या जुन्या देवळाचं शिखर उघडं पडतं. होडीवाल्याला सांगून ठेवते. ड्रम आणू नकोस, पाखरं उडतील.

तुझी,
आई