हनोईत रस्ता ओलांडताना

हनोई, व्हिएतनाम, मार्चचा पहिला आठवडा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आवाज तुटत होता, बाबांना अर्धंच ऐकू आलं, म्हणून सगळं लिहून पाठवते आहे. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव.

इथलं काम दुपारी तीनला आटोपतं, की मी चालत सुटते. भुरभुर पाऊस असतो, छत्री उघडावी इतकाही नाही. जुन्या भागाला इथे छत्तीस गल्ल्यांचं गाव म्हणतात, गल्ल्या खरं तर त्याहून जास्त आहेत. नावं अगदी आपल्या कासार आळी, तेली आळीसारखी. ‘हांग’ म्हणजे माल आणि पुढे त्या मालाचं नाव. हांग बाक चांदीची. हांग थियेकमध्ये अजून पत्रा ठोकत बसलेली माणसं दिसतात. एका गल्लीत नुसत्या वाळलेल्या मुळ्या आणि साली, तिथे शिरले आणि आई, तुझ्या काढ्याच्या डब्याचं झाकण उघडल्यासारखं वाटलं. हांग मामध्ये पितरांसाठी जाळायच्या कागदी वस्तू मिळतात. आपण पितृपंधरवड्यात पान वाढतो, ही माणसं कागदाचे कपडे पाठवतात. तिथे आजोबांची फार आठवण आली.

फुटपाथवर गाड्या लावलेल्या, नाहीतर बुटक्या स्टुलांवर लोक जेवत बसलेले, त्यामुळे चालायचं रस्त्यावरूनच. पहिल्या दिवशी एका चौकात मी दहा मिनिटं नुसती उभी होते. स्कूटरींचा लोंढा थांबेचना. तेवढ्यात खांद्यावर कावड घेतलेली एक म्हातारी बाई सरळ त्यात उतरली, आपल्या चालीनं. गाड्या तिच्या दोन्ही बाजूंनी वळून जात राहिल्या. मी तिच्या मागोमाग निघाले आणि बाबा, तुमचा आवाज कानात आला. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालायचा, बैलगाड्या, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका, आणि तुम्ही माझा हात धरून सांगायचात, “पळायचं नाही, थांबायचं नाही, मागे तर मुळीच यायचं नाही.” इथलाही नियम तोच आहे. चाल एकसारखी असली की गाडीवाला लांबूनच अंदाज घेतो. आता मला भीती वाटत नाही.

रविवारी तळ्यावर गेले. होआन किएम म्हणजे परत केलेली तलवार. ले लोई राजानं शत्रूला हाकलल्यावर देवाची तलवार या तळ्यातल्या कासवाला परत दिली, अशी कथा आहे. तळ्यातलं शेवटचं मोठं कासव 2016च्या जानेवारीत गेलं. ते आता तिथल्या देवळात काचेच्या पेटीत जपून ठेवलंय. लोक त्याच्यापुढे गप्प उभे राहतात. मीही राहिले.

तिथून चालत लाँग बिएन पुलावर गेले. 1903 साली खुला झालेला, फ्रेंचांच्या वेळचा, अमेरिकेनं बॉम्ब टाकून तोडलेला आणि पुन्हा उभा केलेला. मधून आगगाडी जाते, कडेनं दुचाकी आणि माणसं. गंमत म्हणजे शहरभर वाहनं उजवीकडून चालतात, पण या पुलावर आपल्यासारखी डावीकडून.

आई सांगत होती, पायरीवर पाय घसरल्यापासून बाबा किनाऱ्यावर उतरलेच नाहीत, या वर्षी कासवांची पिल्लंही पाहिली नाहीत. बाबा, मी पाडव्याला येते आहे. सकाळी पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा आपण जाऊ. काठी घ्या, वाटेल तितका वेळ लावा. तुम्ही पुढे चला, मी तुमच्या मागून तुमच्याच चालीनं येईन.

तुमची,
मनू

ता. क. आई, कागदाचा एक छोटा सदरा घेतलाय. आजोबांच्या फोटोजवळ ठेवायचा का, ते तू ठरव.