पान हिरवे, खोड कोरडे

महोदय,
पाऊस आला की झाडे सावरली, असे आपण धरून चालतो. तसे नसते. पाणी कमी पडले की झाड पानांवरची सूक्ष्म रंध्रे मिटून घेते. पाणी वाचते, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही; मग अन्न बनत नाही, साठवणीवर दिवस काढायचे. ताण वाढला की खोडातल्या जलवाहिन्यांत हवेचे बुडबुडे अडकतात आणि पाणी वर चढेनासे होते. बाहेरून काही कळत नाही, पान हिरवेच!

कॅलिफोर्नियात २०१२ ते २०१६ च्या दुष्काळात दहा कोटींहून अधिक झाडे मेली. अनेक पाइनवृक्षांचा शेवट साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी केला, कारण त्यांना रोखणारी राळ पाझरवण्याइतके बळच झाडांत उरले नव्हते. वृक्षारोपणाचे आकडे छापता, तसे जुन्यांपैकी किती तगली तेही छापाल का?

– एक वाचक