चि. मुक्तास, बायोडेटातल्या एका ओळीबद्दल

सांगली

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

बायोडेटात रक्तगटापुढे काय लिहायचं असं परवा तू विचारलंस आणि लगेच म्हणालीस, ‘‘ओ पॉझिटिव्हच राहू दे ना आई, बॉम्बे वगैरे वाचून लोक उगाच घाबरतील.’’ मी तेव्हा ड्युटीवर होते, काउंटरला नातेवाईक उभे होते, म्हणून नुसतं ‘नको’ म्हणून फोन ठेवला. आता नीट सांगते. ओ लिहायचं नाही. तुझा गट बॉम्बे आहे, तो वरवर ओसारखा दिसतो, पण ओ नाही. उद्या तुझ्यासाठी चिठ्ठी घेऊन रक्तपेढीत धावणारा माणूस तुला ओ समजला, तर ते तुझ्या जिवावर बेतेल.

कॉलेजच्या शिबिरात तुझं रक्त घेतलं आणि आठवड्याने पेढीतून फोन आला, तेव्हा तू गोंधळली होतीस. जन्मल्यापासून कार्डावर ओ, शाळेच्या ओळखपत्रावर ओ. तो तसाच दिसणार होता. गट तपासताना आम्ही पेशींवर एकदा अँटी-ए आणि एकदा अँटी-बी, म्हणजे ए आणि बी ओळखणारे द्राव, टाकतो. नळी फिरवली की पेशी तळाशी लाल बटणासारख्या बसतात. हलक्या हाताने नळी हलवायची. गट जुळला तर ते बटण तुकड्यातुकड्यांनी सुटतं, दाणे स्वच्छ दिसतात. नाही जुळला तर पेशी अलगद मोकळ्या होऊन पाण्यात पसरतात. तुझ्या दोन्ही नळ्यांत पसरल्या, म्हणून ओ. खरी गंमत उलट्या तपासणीत कळते. तिथे तुझं सीरम, म्हणजे रक्तातलं पेशींशिवायचं पाणी, घेऊन त्यात ओळखीच्या गटांच्या पेशी टाकतात: एका नळीत ए, दुसरीत बी, तिसरीत ओ. ओ गटाच्या माणसाचं सीरम ओ पेशींना हातही लावत नाही. तुझ्या सीरमने मात्र ओ पेशींचेही घट्ट दाणे केले. ज्याने कुणी ती तिसरी नळी लावली त्याचे मी मनातल्या मनात कितीदा आभार मानले असतील! परक्या पेशींचे असे दाणे करतात ती सीरममधली प्रतिपिंडं. तान्ह्या बाळात ती अजून तयार झालेली नसतात, त्यामुळे जन्माच्या वेळी फक्त पेशींवरून गट लिहितात. तिथून ते कार्ड तुझ्यासोबत आलं.

आता हे आलं कुठून. लाल पेशींच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची साखर जोडली की एच तयार होतो. ज्याच्याकडे ए चं जनुक आहे त्याच्या एचवर आणखी एक साखर चढते, बी असेल तर वेगळी साखर चढते. ओ असेल तर काहीच चढत नाही, एच तसाच उघडा राहतो. ए-बी-ओ चं जनुक 9व्या गुणसूत्रावर आणि एच बनवणारं 19व्यावर, म्हणजे दोन्ही वारसे आपापल्या वाटेने येतात. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून; एच बनवायला त्यातली एक चालणारी प्रत पुरते. माझ्याकडे एक चालणारी आहे आणि एक बंद, बाबांकडेही तसंच. म्हणून मी ए दिसते, बाबा बी दिसतात आणि कुणाला काही कळत नाही. तुला आमच्या दोघांच्याही बंद प्रती मिळाल्या. अशा आईबापांच्या प्रत्येक मुलाला ही शक्यता चारात एक असते. एचच नाही, म्हटल्यावर ए-बी ला बसायला जागा नाही. पण माझा ए किंवा बाबांचा बी तुझ्याकडे असू शकतो, आणि तो तुझ्या बाळात उघडपणे दिसू शकतो. तेव्हा ‘ओ आईला असा मुलगा कसा’ म्हणून कुणी भुवया उंचावल्या, तर उत्तर तुझ्याजवळ असायला हवं.

हे मी उगाच लिहीत नाही. आमच्याकडे एक बाई आल्या होत्या. स्वतः एबी, शाळकरी मुलाचा गट ओ. एबी आईचं मूल ओ होत नाही हे कुणीतरी पुस्तकात वाचलं होतं, आणि घरात त्या बाईंचं जगणं मुश्कील झालं होतं. मुलाची उलटी तपासणी केली, बॉम्बे निघाला. अर्धवट माहितीने एका बाईचं काय होऊ शकतं ते मी त्या दिवशी पाहिलं. गटांच्या वारशाचा नियम खरा आहे, पण तो एच गृहीत धरून बोलतो.

व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनरने 1901 मध्ये पहिले तीन गट मांडले. त्यानंतर पन्नास वर्षं ओ म्हणजे शेवटचा गट, त्यापलीकडे काही नाही, असंच सगळे धरून चालले होते. 1952 मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गट जगापुढे मांडला, ‘द लॅन्सेट’मध्ये, म्हणून त्याला बॉम्बे नाव पडलं. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक. तुझ्यासारखी माणसं आपल्या आसपास आहेत, फक्त पुष्कळांना स्वतःचं ठाऊक नाही.

ठाऊक नसणं महाग पडतं, कारण तुझ्या रक्तात ए आणि बी विरुद्ध तर आहेच, एचविरुद्धही प्रतिपिंड आहे, आणि ते शरीराच्या तापमानाला जोरात काम करतं. ओ ची पिशवी चढली तर आलेल्या पेशी तुझ्या शिरांतच फुटतील. थंडी, कंबरेत कळ, लघवी लाल, रक्तदाब कोसळणं, मूत्रपिंडं बंद पडणं, हे सगळं थोड्याशा रक्तानेही सुरू होऊ शकतं. तातडीच्या वेळी डॉक्टर आधी ओ निगेटिव्ह मागवतात, सगळ्यांना चालतं म्हणून. तुला ते चालत नाही. मी तुला रक्त देऊ शकत नाही, बाबाही नाही. ओंकारचा गट उघड बी आहे, म्हणजे त्याच्याकडे एच आहे, म्हणून तुझा सख्खा भाऊही नाही. पेढीत आयुष्य गेलेल्या आईला हे लिहिताना काय होतं ते तुला कळेल.

लग्नाबद्दल. ‘नवराबायकोचा एकच गट असला तर मुलं होत नाहीत’ असं कुणी म्हणालं तर त्यात काही तथ्य नाही. बघायचं असतं ते आरएच, म्हणजे गटापुढचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर 72 तासांत अँटी-डी चं इंजेक्शन द्यावं लागतं, नाहीतर पुढच्या बाळाला त्रास होऊ शकतो. तू पॉझिटिव्ह आहेस, त्यामुळे ती काळजी नाही. तुझ्या नवऱ्याकडे एच च्या दोन्ही चालत्या प्रती असतील, आणि बहुतेकांकडे असतातच, तर तुमच्या एकाही मुलाला हा गट येणार नाही.

आत्याने तिच्या मुलासाठी तुझं नाव काढलंय, ते मला पसंत नाही. मुलगा चांगला आहे, प्रश्न त्याच्या स्वभावाचा नाही. माझी आजी आणि बाबांचे आजोबा सख्खी भावंडं. ती बंद प्रत आपल्या घरात बहुधा तिथूनच दोन्हीकडे उतरली, आणि आत्याकडेही ती असण्याची बरीच शक्यता आहे. तिच्या मुलात ती आली असेल तर तुमच्या प्रत्येक बाळाला निम्मी शक्यता राहील. तरी तुम्हा दोघांचं मन असेल तर तपासणी करून मग ठरवू, मी आडवी येणार नाही.

तेव्हा त्या ओळीत असं लिही: ‘बॉम्बे (ओएच), आरएच पॉझिटिव्ह. ओ रक्त चालत नाही.’ हे वाचून जे घर मागे फिरेल ते फिरू दे. जे घर पुढे येईल त्यातल्या प्रत्येकाला हे पाठ असलं पाहिजे, सासूबाईंनासुद्धा. हेच कार्ड पर्समध्ये आणि मोबाइलच्या कव्हरमागे ठेव. दिवस राहिले की पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगायचं आणि बाळंतपण रक्तपेढी असलेल्याच ठिकाणी करायचं. ठरवून करायच्या ऑपरेशनआधी स्वतःचंच रक्त काढून ठेवता येतं, पण पिशवी 35 ते 42 दिवसच टिकते, म्हणून तारखा बघून. आणि हिमोग्लोबिन सांभाळ. रक्तदानाला 12.5 लागतं, तुझं काठावर असतं. नाचणी, पालेभाज्या, गोळ्या, जे सांगितलंय ते कंटाळा न करता घे. अंगात रक्त भरपूर असलं तर दुसऱ्याच्या पिशवीची वेळ येण्याची शक्यता कमी.

बॉम्बे गटाच्या दात्यांच्या यादीत तुझं नाव घालायचा फॉर्म सोबत पाठवते आहे. यादीतल्या कुणाला गरज पडली की फोन येईल, आणि तुला लागलं तर त्यांना जाईल. सही करून रविवारी ओंकारबरोबर दे, सोमवारी मी स्वतः नेऊन देते. आत्याशी मी बोलेन, तू मध्ये पडू नकोस.

तुझी,
आई