छपराच्या सांध्यासाठी: हंगामाच्या सणानिमित्त मंडळीला आवाहन

प्रभूमध्ये प्रिय बंधूभगिनींनो, प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

यंदाचा हंगामाचा सण दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी आहे. सभासद आणतात त्या धान्या-फळांच्या त्या दिवशीच्या लिलावाचा सगळा पैसा मंदिराच्या पश्चिमेकडच्या छपराला लावायचा, असे पास्टोरेट कमिटीने, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या कमिटीने, ठरवले आहे. नवे पंखे, स्पीकर, फरशी किंवा रंग यांपैकी काहीही यंदा घ्यायचे नाही. देणगी त्यासाठीच देणार असाल, तर कृपया एक वर्ष थांबा.

कारण असे. आपले मंदिर अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) काळातले आहे आणि त्या पद्धतीप्रमाणे वेदी पूर्वेला, मोठे दार पश्चिमेला. दाराशेजारी घंटेचा मनोरा, आत शिरताच बाप्तिस्म्याचे कुंड. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी झाली, पाटीवरचे नाव बदलले, छप्पर मात्र तेच राहिले. पश्चिमेची बाजू पावसाच्या तोंडावर येते. नगरकडे पाऊस एकूण कमी, म्हणून छपराकडे कोणी बघत नाही. पण परतीचा पाऊस तासाभरात जे ओततो ते पन्हळीला पेलायला हवे. मनोऱ्याची भिंत आणि मंदिराचे पाखे (छपराची उतरती बाजू) जिथे भेटतात, तिथल्या पन्हळीने दोन्हीकडचे पाणी वाहून न्यायचे असते. तीच आता चाळणी झाली आहे. खाली कुंड आहे, कुंडामागच्या भिंतीपलीकडे वेस्ट्री (पाळकांची तयारीची खोली), आणि वेस्ट्रीत नोंदवह्यांचे कपाट.

गळती थांबवायला आजवर जे केले गेले त्यानेच काम वाढले आहे. पन्हळीचा जुना पत्रा गंजला तेव्हा त्यावर डांबर ओतले. उन्हात डांबराला भेगा पडल्या आणि पाणी डांबर व पत्रा यांच्यामध्ये अडकून राहू लागले. आढ्यावरचे कोने (माथ्यावरची कौले) सिमेंटने पक्के बसवले. एप्रिल-मेमध्ये कौल आणि लाकूड तापून हलतात, सिमेंट हलत नाही, म्हणून ते केसासारखे चिरते. त्या चिरेतून आत गेलेले पाणी लगेच दिसत नाही. ते वाशावरून उतरत भिंतीपर्यंत जाते आणि गळते तिसरीकडेच. गळतीच्या बरोबर वरचे कौल बदलून उपयोग झाला नाही, तो यामुळे.

सगळ्यात काळजीची जागा कैचीची, म्हणजे छपराचा भार पेलणाऱ्या तिकोनी लाकडी सांगाड्याची, टोके. कैचीचे सागवानी टोक भिंतीत जिथे टेकते तिथे कोणीतरी चारही बाजूंनी सिमेंट भरून टाकले आहे. लाकडाला वारा मिळाला नाही की ओल सुकत नाही, आणि ओलीमागून वाळवी येते. हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिले तर पश्चिमेच्या पहिल्या दोन कैच्यांच्या टोकांचा आवाज पोकळ येतो. दाभण टोचले तर दोन इंच आत जाते. मधले लाकूड ठणठणीत आहे. म्हणून अख्खी कैची बदलायची नाही. कुजलेला भाग निरोगी लाकडापर्यंत कापायचा, मुरलेल्या सागवानाचा तुकडा तिरप्या जोडाने बसवायचा, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या लावून बोल्ट आवळायचे, आणि भिंतीतल्या खोबणीत टोकाभोवती एक इंच मोकळी जागा ठेवायची. ओल्या सागवानाचा तुकडा चालणार नाही. तो सुकताना आकसतो आणि जोड सैल पडतो. कोणाचा जुना वाडा उतरवला जात असेल, तर तिथले तुळईचे सरळ, खिळे काढलेले लाकूड आम्हाला नव्यापेक्षा जास्त उपयोगाचे आहे. कमीत कमी सहा फूट लांब आणि सहा इंच रुंद असे चार तुकडे लागतील.

कौलांचेही तसेच. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ साली कारखाना काढला तेव्हापासून या कौलांची घडण साधारण एकच दिसते, पण प्रत्येक कारखान्याच्या कौलाची खाच थोडी वेगळी असते. दोन कारखान्यांची कौले एकमेकांत नीट बसत नाहीत आणि त्या फटीतून वाऱ्याबरोबर पाऊस आत येतो. म्हणून ट्रॅक्टरभर कौले थेट मंदिराच्या आवारात आणून टाकू नका. आधी एक कौल कचेरीत आणून आमच्या नमुन्याशी जुळवून पाहा. उघडायचा भाग सुमारे सहाशे चौरस फूट आहे. शंभर चौरस फुटाला साधारण १४० कौले लागतात, म्हणजे ८४०, आणि फुटतूट धरून सव्वानऊशे. त्यांतली निम्मी तरी जुनीच वापरता येतील. उतरवलेले कौल बोटाच्या सांध्याने वाजवायचे: टण्ण आवाज आला तर ठेवायचे, भद्द आला तर बाजूला. शेवाळ ब्रश आणि पाण्याने काढायचे, ॲसिड अजिबात वापरायचे नाही.

पन्हळीला जाड जस्ती पत्रा हवा. तो मनोऱ्याच्या बाजूने भिंतीवर नऊ इंच चढवून वरची कड दगडांच्या सांध्यात खोवायची आणि पाख्याच्या बाजूने कौलांखाली नऊ इंच सारायचा. दोन पत्र्यांचा जोड सहा इंच एकावर एक, वरचा पत्रा नेहमी वर. हे सांगायला नको असे वाटेल, पण आत्ताच्या पन्हळीत एक जोड उलटा निघाला आहे. त्यातून खाली पडणारे पाणी थेट कुंडाच्या काठावर येते.

आता पैशांबद्दल. मासिक वर्गणी छपराकडे वळवू नका, ही पहिली विनंती. वर्गणीतून पाळकसाहेबांचा पगार, डायोसिसचा (धर्मप्रांताचा) वाटा आणि विजेचे बिल जाते. छपरासाठी दिले म्हणून वर्गणी थकवली, तर एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातल्यासारखे होईल. छपराचे दान वेगळ्या पिवळ्या पाकिटात, नाव आणि रक्कम लिहून, दानार्पणाच्या वेळी किंवा कचेरीत द्या. पावती त्याच दिवशी घ्या. ज्यांना एखादी वस्तूच द्यावीशी वाटते त्यांच्यासाठी हिशोब सोपा आहे: एका घराने २५ कौले, दोन घरांनी मिळून एक पत्रा, एका भावकीने एका कैचीची दुरुस्ती. छपरावर कोणाच्याही नावाची पाटी बसणार नाही. सगळी नावे वेस्ट्रीतल्या वहीत लिहिली जातील.

मुलेबाळे परदेशात असलेल्या घरांनी हे वाचून मगच त्यांना कळवावे. आपल्या मंडळीची एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी नाही, त्यामुळे परक्या देशाचे नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीकडून आपण दान घेऊ शकत नाही, मग ती इथेच वाढलेली आणि इथेच दृढीकरण (मोठेपणी विश्वास पक्का करण्याचा विधी) झालेली का असेना. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळते ते) असले तरी हाच नियम. ज्यांचा पासपोर्ट अजून भारताचा आहे, ते बँकेमार्फत देऊ शकतात. पासपोर्टची प्रत सोबत पाठवली की खजिनदारांचे काम सोपे होते. काकांच्या किंवा मेहुण्यांच्या खात्यातून वळसा घालून पैसे आणू नका. त्यात कायदा मोडतो आणि हिशोब तपासनीस आम्हाला धरतात.

लिलावाचे सामान सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी तीन ते सहा या वेळेत आणा. बाजरी, मूग, उडीद, मका, सोयाबीन असे धान्य वाळवून, पाखडून, पाच-पाच किलोच्या पिशव्यांत. मागच्या खेपेस ओली सोयाबीन आली होती. ती रात्रभर पोत्यात तापली आणि सकाळी तिला बुरशीचा वास आला. कोंबड्या रविवारी सकाळीच आणा, पायाला दोरी बांधून आणि टोपलीत. बोकड असेल तर आवाराबाहेर, चिंचेखाली. उपासना सुरू असताना त्याने एकदा मतांगीकाराला (सगळे मिळून म्हणतो त्या विश्वासाच्या कबुलीला) साथ दिली होती, ती पुन्हा नको. सीताफळे आणि भाजी शेवटी विकली की निम्म्या भावात जातात, म्हणून यंदा नासणारा माल पहिला पुकारला जाईल, धान्य मधे आणि नारळ शेवटी.

दानार्पणात आधी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस वेदीकडे जाईल, त्यामागून धान्याच्या टोपल्या. वेदीच्या पायऱ्यांवर पाच टोपल्या मावतात. बाकीचे सामान उत्तरेच्या भिंतीला लावायचे, दक्षिणेच्या नाही, कारण तिथे तेव्हाही ओल असते.

लिलावात बोली लावताना उत्साह असतो, वसुलीच्या वेळी तो ओसरतो. एकच नारळ पाच जण घेतात, पाचही जण तो परत मंडळीला देतात आणि सहावा घरी नेतो. ही आपली जुनी रीत आहे आणि ती चांगली आहे, पण पाचांपैकी तिघांचे पैसे नाताळपर्यंत येत नाहीत. छपराचे काम उधारीवर चालत नाही. सुतार आणि लोहार आगाऊ रक्कम मागतात. म्हणून यंदा प्रत्येक वस्तूला क्रमांक, वहीत बोली, नाव आणि समोर सही. पैसे त्याच दिवशी, रोख किंवा मोबाइलवरून. शक्य नसेल तर बोली लावतानाच तारीख सांगा. घेणाऱ्याला त्याची लाज वाटायचे कारण नाही, आम्हाला तारीख माहीत असली की पुरे.

लिलावानंतर प्रीतिभोजन आहे. तीनशे पानांसाठी तांदूळ ३० किलो, तूरडाळ ९ किलो, वांगी आणि बटाटे मिळून ४० किलो, तेल ८ लिटर. तांदूळ स्त्रीसभेने घेतला आहे. डाळ, तेल आणि सरपण अजून कोणी घेतलेले नाही. मोठी पातेली तीन आहेत, चौथे हवे.

कामाचा क्रम असा ठरला आहे. नाताळ आणि नव्या वर्षाची उपासना झाली की जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात परांची बांधायची. त्याआधी मंदिराची मालमत्ता पाहणाऱ्या मिळकत कमिटीची लेखी परवानगी हाती आलेली असेल. कौले जानेवारीत उतरतील, कैच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, पन्हळ आणि कौले एप्रिलमध्ये. मेचा महिना राहिलेल्या गोष्टींसाठी, कारण राहतेच. मृग नक्षत्राच्या आत, म्हणजे ७ जूनपूर्वी, छप्पर बंद झाले पाहिजे. हे महिने उपवासकाळाचे आणि पुनरुत्थानाच्या सणाचे (ईस्टरचे) आहेत. पश्चिमेचे आठ बाक पुढे सरकवले जातील, ये-जा दक्षिणेच्या छोट्या दारातून होईल. झावळ्यांच्या रविवारची (ईस्टरच्या आधीच्या रविवारची) मिरवणूक आवारातून निघून त्याच दारातून आत येईल. कुंड दगडी आहे, हलत नाही. ते फळ्यांनी झाकायचे आणि बाप्तिस्मे तोवर वेदीपुढे, पात्रातून. एप्रिल-मेमध्ये ज्यांच्या घरी लग्ने आहेत त्यांनी तारीख ठरवण्याआधी, निदान लग्नाच्या तीन रविवारच्या घोषणा सुरू होण्याआधी, कचेरीत विचारावे. फोटोत बांबू आले अशी तक्रार मग चालणार नाही.

भिंतीचा गिलावा मात्र यंदा होणार नाही, यावर बरीच चर्चा झाली आहे. खालचे चार फूट जे सिमेंटचे आहेत ते फक्त खरवडून काढायचे. दगडातली ओल सिमेंटमधून बाहेर पडू शकत नाही, म्हणून ती वर चढते आणि सिमेंट संपते तिथे लोणा (क्षाराचा पांढरा थर) लागतो. वर प्लॅस्टिकचा रंग दिला तर तो फुगून पापुद्रे सुटतात. भिंत एक उन्हाळा उघडी ठेवून सुकवायची आणि पुढच्या नोव्हेंबरात चुन्याचा गिलावा करायचा: एक भाग चुना, दोन भाग वाळू, चुना निदान पंधरा दिवस विझवलेला, त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी. गिलाव्यावर आठ-दहा दिवस ओली गोणपाटे ठेवावी लागतात. मेच्या उन्हात ते कोणाच्याने होत नाही. यंदाच्या नाताळात भिंत पांढरी दिसणार नाही, तिथे तारा आणि झिरमिळ्या जरा दाट लावा.

नोंदवह्यांची वेगळी मागणी आहे. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या वह्यांवर आजही लोकांची कामे अडतात. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखालच्या लग्नाच्या नोंदी त्यांत आहेत, आणि आजोबांचा दाखला मागायला लांबून माणसे येतात. दोन स्टीलची कपाटे हवीत. ती बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर, चार इंच उंच ठोकळ्यांवर ठेवायची आहेत. ज्या वह्यांना ओल लागली आहे त्यांच्या पानांमध्ये टिपकागद घालून पंख्याखाली सुकवायचे आहे. त्यासाठी अक्षर वाचता येणारी, सावकाश हात असणारी चार माणसे शनिवारी दोन तास हवीत. चिकटपट्टी, लॅमिनेशन आणि इस्त्री कोणीही आणू नये.

हातांची मदत दर शनिवारी सकाळी आठपासून. छपरावर फक्त सुतार, कौले बसवणारे आणि त्यांनी निवडलेली माणसे चढतील, फळी टाकूनच. तरुण संघाने खाली कौले झेलायची, वाजवायची आणि रचायची: उभी, एका ओळीत, पन्नास-पन्नासच्या रांगा. आडवी रचली की तळाची फुटतात. संडे स्कूलची मुले परांचीच्या आत येणार नाहीत, त्यांचे वर्ग पाळकसाहेबांच्या अंगणात भरतील.

पिवळी पाकिटे वेस्ट्रीच्या खिडकीत ठेवली आहेत. मंदिरात येऊ न शकणाऱ्या आजारी आणि वृद्ध सभासदांच्या घरी प्रभुभोजन घेऊन जाताना पाळकसाहेब पाकीट नेणार नाहीत, ते त्या वेळी मागायचे नाही. त्यांच्याकडे स्त्रीसभेच्या बहिणी दुसऱ्या दिवशी जातील. कौलाचा नमुना कचेरीच्या दाराच्या डावीकडे खिडकीत आहे. तो उचलून नेऊ नका, मोजमाप घ्या आणि परत तिथेच ठेवा.

आपली,
पास्टोरेट कमिटी