मंडळात तू हवास

सांगली,
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "मार्गदर्शक मंडळात येऊन मी नक्की करायचं काय?" विषय फोनवर उरकण्यासारखा नव्हता, म्हणून म्हटलं पत्रच लिहू. लांबेल, पण सवडीनं वाच आणि मग हो-नाही सांग.

आपला फोटोमहोत्सव दिवाळीनंतर असतो, हे तुला माहीत आहे. नदीकाठच्या गल्ल्या, शाळेचं पटांगण, वाचनालयाचा जिना, घाटावरच्या भिंती अशा ठिकाणी आम्ही फोटो लावतो. धावपळ करणारी पोरं भरपूर आहेत. मांडव, परवानग्या, पावतीपुस्तकं, प्रिंट आणणं, रात्री राखण करणं, सगळं ती निभावतात. मंडळाचं काम वेगळं. काय लावायचं, काय नाही लावायचं, कुणाला विचारून लावायचं आणि कुणाचे पैसे घ्यायचे, हे मंडळ ठरवतं. त्यातली एक जागा आता रिकामी झाली आहे, कारण आपले ग्रंथपाल काका मुलाकडे बंगळुरूला कायमचे राहायला गेले. त्या जागेवर मला तू हवा आहेस.

आधीच सांगतो, नाव कार्डावर छापण्यापुरतं हे बोलावणं नाही. आपल्याकडच्या कितीतरी कार्यक्रमांत मार्गदर्शकांची यादी मानाच्या क्रमानं छापतात, ती मंडळी दीपप्रज्वलनाला येतात, शाल-श्रीफळ घेतात आणि भाषण करून निघतात. सुरुवातीला आम्हालाही बऱ्याच जणांनी सांगितलं, की एखादं मोठं नाव घ्या, देणगी आपोआप येईल. मंडळानं ते मानलं नाही, आणि त्याबद्दल मला मंडळाचा फार अभिमान वाटतो.

आता मंडळात कोण आहे ते ऐक. एक स्टुडिओवाले काका. गावातल्या दोन पिढ्यांची लग्नं त्यांनी टिपली आहेत. दुसऱ्या नदीकाठच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. तिसरी मंडईतली भाजीवाली मावशी. तिच्या शब्दाला काठावरच्या गल्ल्यांत एवढं वजन आहे, की तिनं सांगितल्यावर लोक आपल्या घराची दर्शनी भिंत आम्हाला मोकळी करून देतात. आणि चौथी एक तरुण मुलगी, पुण्यात फोटोग्राफी शिकून परत आलेली. म्हणजे कॅमेऱ्यावर पोट भरलेले दोघेच.

हे विचित्र वाटेल, पण जगातल्या नावाजलेल्या महोत्सवांची सुरुवातही अशीच आहे. फ्रान्समधल्या आर्लचा महोत्सव १९७० साली तिघांनी सुरू केला: लुसियाँ क्लेर्ग हा छायाचित्रकार, मिशेल तुर्निए हा लेखक आणि जाँ-मोरिस रुकेत हे तिथल्या संग्रहालयाचे अभिरक्षक. पेशानं छायाचित्रकार त्यात एकच, आणि तोही आर्लमध्येच वाढलेला. रोमन काळातल्या उघड्या रंगमंदिरात रात्री पडद्यावर फोटो दाखवायचे, ही त्यांची रीत. आपल्या मुंबईतही बघ, १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि तिच्या कार्यकारिणीत डॉ. नारायण दाजी होते, भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू. ते पेशानं डॉक्टर, पण फोटो उत्तम काढायचे. फोटो काय सांगतो हे कळायला फोटोग्राफरच असावं लागतं असं नाही. मात्र एक तरी माणूस असा हवा, की ज्यानं आयुष्यभर फोटो निवडले आहेत. वर्तमानपत्रात तू वर्षानुवर्षं तेच केलंस. रात्री अकराला ढिगातून एक फोटो काढायचा आणि बाकीचे बाजूला ठेवायचे, ही सवय आमच्यापैकी कुणालाच नाही.

ढाक्याच्या छबीमेल्याबद्दल, म्हणजे तिथल्या फोटोमहोत्सवाबद्दल, आपण मागं बोललो होतो. छायाचित्रकार शाहिदुल आलम यांनी १९८९ साली दृक ही फोटोंची संस्था काढली, १९९८ साली पाठशाला हे फोटोग्राफीचं विद्यालय आणि २००० साली छबीमेला. दर दोन वर्षांनी भरणारा मेळा. दालनात लोक येत नाहीत तर फोटोच लोकांकडे न्यायचे, म्हणून सायकलरिक्षाच्या गाड्यांवर प्रदर्शनं लावून ती शहरभर फिरवली. फोटो लावून गावभर फिरणारा आमचा टेम्पो तिथूनच सुचला. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. ऑगस्ट २०१८ मध्ये विद्यार्थ्यांच्या आंदोलनाबद्दल बोलल्यावरून आलम यांना अटक झाली आणि शंभराहून जास्त दिवस ते तुरुंगात होते. सुटका नोव्हेंबरात झाली. तरीही फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस दहावा छबीमेला भरला. संस्थापक आत असतानाही काम पुढं नेणारी माणसं तिथं तयार होती, कारण वीस वर्षं त्यांनी विद्यार्थी घडवले होते आणि त्याच विद्यार्थ्यांच्या हाती काम सोपवलं होतं. आमच्याकडे हे अजून व्हायचं आहे. स्टुडिओवाल्या काकांचं वय झालं, बाईंचे गुडघे दुखतात. म्हणून मंडळात येणाऱ्यानं स्वतःसोबत एकदोन पोरांना निवडीला बसवायचंच, असं आम्ही ठरवलं आहे. तुझ्याकडून माझी सगळ्यात मोठी अपेक्षा हीच.

पुराचं सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी पंचेचाळीस. तू तेव्हा पुण्याहून सारखा फोन करत होतास. पाणी उतरल्यावर गल्लीगल्लीत गाद्या, धान्य, पुस्तकं यांचे ढीग लागले, आणि प्रत्येक ढिगात एखादा तरी अल्बम होता. नगर वाचनालयाची पुस्तकं भिजली त्याची बातमी झाली. घरातल्या अल्बमांची कशाला होणार? पण बायका रडत होत्या त्या अल्बमांसाठी. टीव्ही परत घेता येतो, आईचा एकुलता एक फोटो कुठून आणणार?

त्याच काळात नेपाळचं उदाहरण आमच्या डोळ्यांसमोर होतं. २५ एप्रिल २०१५ ला तिथं भूकंप झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात काठमांडूजवळच्या पाटणच्या चौकांत, गल्ल्यांत पहिला 'फोटो काठमांडू' हा महोत्सव भरला. घरं पडलेली असताना प्रदर्शन कसलं, असं तिथंही कुणी म्हटलं असेल. पण नयनतारा गुरुंग कक्षपती आणि त्यांच्या 'फोटो सर्कल'च्या मंडळींनी तो भरवला. त्यांची नेपाळ पिक्चर लायब्ररी त्याआधीपासूनच घराघरांतले जुने फोटो गोळा करून जपत होती. म्हणजे लोकांच्या ट्रंकेतले फोटोही इतिहासच, हे त्यांनी कृतीनं दाखवलं.

आमच्या महोत्सवातला अल्बमकट्टा त्यातून उभा राहिला, आणि तो स्टुडिओवाल्या काकांचा. शाळेच्या व्हरांड्यात ते टेबल मांडून बसतात. बाजूला स्वच्छ गार पाण्याच्या उथळ पराती, मागं दोऱ्या, चिमटे, वर्तमानपत्राचे कोरे कागद. लोक पिशवीतून चिखलानं चिकटलेली पानं आणतात. काकांचा पहिला नियम असा, की चिकटलेला फोटो सुका असताना ओढायचा नाही. ओढला की वरचा थर दुसऱ्या फोटोला किंवा काचेला चिकटून निघून येतो आणि चेहरा कायमचा जातो. मग ते पूर्ण पान पाण्यात ठेवतात, पाणी गढूळ झालं की बदलतात, आणि वाट बघतात. बराच वेळ काहीच होत नाही. मग एक कोपरा आपोआप सुटतो. तेव्हा दोन बोटांनी कड धरून फोटो उचलायचा, चित्राला बोट लावायचं नाही, चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळत घालायचा. एकदा एका लग्नाच्या फोटोतून नवरदेव पूर्ण पुसला गेला होता, फक्त मुंडावळ्या आणि नवरी उरली होती. काकांनी तोही तितक्याच काळजीनं वाळवला. त्या आजी म्हणाल्या, "हे माहेरून आलेलं पातळ. रंग अजून दिसतोय बघा." पोरं तिथं उभी राहून शिकतात. अशा शिक्षणाला मी मार्गदर्शन म्हणतो.

आता बाईंबद्दल. पुराचे फोटो मागवले तेव्हा ढीग आला. एका पोरानं काढलेला फोटो होता, बोटीत बसवलेल्या एका म्हाताऱ्या बाईचा. केस सुटलेले, पदर सावरायची शुद्ध नाही, डोळ्यांत भीती. फोटो म्हणून जबरदस्त. सगळे म्हणाले, हाच प्रवेशद्वारी लावू. बाईंनी एवढंच विचारलं, "त्यांना दाखवलाय का?" पोरगा म्हणाला, बातमीचा फोटो आहे, विचारायचं कशाला? बाई स्वतः त्याला घेऊन शोधत गेल्या. आजी सापडल्या. फोटो बराच वेळ हातात धरला आणि म्हणाल्या, "अशी मला माझ्या नातवानं बघू नये." फोटो लागला नाही. पोरगा दोन दिवस घुश्शात होता. पुढं तोच पुन्हा त्या आजींकडे गेला, आणि आजींनी त्याला नव्यानं सारवलेल्या ओट्यावर, इरकल नेसून बसलेला स्वतःचा फोटो काढायला लावला. पुढच्या महोत्सवात तो लागला, खाली त्यांचं पूर्ण नाव लिहून. 'पूरग्रस्त महिला' असं आमच्याकडे कुठंच लिहीत नाहीत.

त्याच पुरात ब्रह्मनाळ गावी लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली, त्याचे फोटो तेव्हा व्हॉट्सअॅपवरून गावभर फिरले होते. तेही कुणीतरी आणून दिले. त्यावर मंडळाला चर्चा करावी लागली नाही. मावशी म्हणाली, "आधी झाका ते." ज्यांची माणसं गेली ती याच जिल्ह्यात राहतात, याच बाजारात येतात.

इथं तुझं-माझं मत वेगळं असेल. वर्तमानपत्राचा नियम निराळा, दुसऱ्या दिवशी लोकांना कळलंच पाहिजे, ते मी मानतो. पण गल्लीतल्या भिंतीवर फोटो आठवडाभर राहतो, आणि त्या भिंतीसमोरून तीच माणसं रोज पाणी भरायला जातात. तू यावर मंडळात वाद घाल, मला तो हवाच आहे.

पैशाचंही सांगून टाकतो. एकदा एक बांधकाम व्यावसायिक मोठी रक्कम द्यायला तयार होते, बदल्यात घाटावर कमान आणि त्यांचं नाव. त्यांचं एक काम निळ्या पूररेषेच्या आत चालू असल्याची गावात चर्चा होती. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, हे काठावरच्या पोरालाही ठाऊक आहे. पुराच्या फोटोंच्या डोक्यावर ती कमान? मंडळानं नम्रपणे नकार दिला. त्या वर्षी प्रिंट कमी केले, आकार वीस बाय तीस इंचांवरून बारा बाय अठरावर आणला, आणि फ्लेक्सवर छापायची स्वस्त वाट काकांनी तरीही अडवली. त्यांचं म्हणणं पटतं: फ्लेक्स उन्हात चमकतो, चेहरा दिसत नाही, आणि गावात फ्लेक्सवर वाढदिवस बघायची इतकी सवय झाली आहे की कुणी थांबत नाही. बिनचमकीचा मॅट प्रिंट सनबोर्डवर, म्हणजे हलक्या फोमच्या पाटीवर, लावला की लोक जवळ येतात.

तुझ्याकडून हवंय ते एवढंच. वर्षातून तीन-चार वेळा प्रत्यक्ष यायचं, उद्घाटनाला नाही आलास तरी चालेल. निवड मोबाइलवर करायची नाही, सगळे फोटो पोस्टकार्डाएवढ्या मॅक्सी साइझमध्ये छापून सतरंजीवर पसरतो आणि भोवती बसतो. ज्याचा फोटो घेत नाही त्याला कारण तोंडावर सांगायचं, पोरांना त्यातूनच कळतं. आणि प्रवासखर्चाखेरीज काही मिळणार नाही. जेवण मावशीकडे, भरलं वांगं आणि भाकरी, ते तुला आवडेलच.

निवडीची पहिली बैठक दसऱ्याच्या आधीच्या रविवारी आहे, सकाळी दहाला, शाळेत. शनिवारी कोयनेनं निघ, मी स्टेशनवर येतो. तुझं भिंग आण, आमच्याकडे एकच आहे आणि ते काका कुणाला देत नाहीत. महापालिकेच्या अर्जावर मंडळाची नावं लिहून द्यायची आहेत, तेव्हा आठवड्याभरात कळव. आणि तुझ्याकडचे २००५ च्या पुराचे निगेटिव्ह अजून असतील तर तेही घेऊन ये. काकांना मी सांगून ठेवलं आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच दोस्त