मेहरचा रकाना : अल्पसंख्याक विकास मंत्र्यांना मिरजेहून खुले पत्र

प्रति,
मा. अल्पसंख्याक विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब,
सलाम आणि नमस्कार.

विवाह नोंदणीच्या सरकारी नमुन्यात मेहरसाठी, म्हणजे निकाहमुळे नवऱ्याने बायकोला द्यायच्या रकमेसाठी किंवा सोन्या-चांदीसाठी, एक रकाना घाला, एवढंच मागायला हे पत्र लिहिते आहे. नोंदणीचा नमुना तुमच्या एकट्याच्या खात्याचा नाही, हे मला माहीत आहे. पण मुसलमान बाईच्या हक्काचं काम मंत्रिमंडळात कुणी मांडायचं असेल तर ते तुम्हीच मांडायला हवं, म्हणून पत्र तुमच्या नावे. मी मिरजेची. एकतीस वर्षं मराठी शाळेत पहिली ते चौथीच्या पोरांना शिकवलं. आमच्या घरात बोलणं दख्खनी, लिहिणं-वाचणं मराठी. बागवान, मुलाणी, शिकलगार, तांबोळी अशा बहुतेक घरांत आमच्याकडे हेच आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचा निकाह १९८८ साली झाला. मेहर ठरला ११,००० रुपये, उधार, म्हणजे पुढे कधीतरी द्यायचा. त्या वर्षी सोनं तोळ्याला तीन हजारांच्या आसपास होतं, म्हणजे साडेतीन तोळ्यांची रक्कम. वकील (कोर्टातला नव्हे, निकाहात मुलीची संमती विचारणारा) आणि दोन गवाह आतल्या खोलीत आले, रकमेसकट तिला विचारलं, ती हो म्हणाली, सही केली. निकाहनामा, म्हणजे निकाहचा करारकागद, उर्दूत होता. आपाला, म्हणजे माझ्या या बहिणीला, उर्दू वाचता येत नव्हती, मलाही नाही. तिची प्रत पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या हिरव्या साडीच्या घडीत ठेवलेली असायची.

आपाचं सासर सांगलीत, कर्नाळ रोडला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा ती पेटी आठवडाभर पाण्याखाली राहिली. पाणी ओसरल्यावर आम्ही दोघींनी मिळून ती उघडली. साडी धुऊन निघाली. कागदाचा लगदा झाला होता, बोट लावलं की निळ्या शाईसकट सुटून हातात येत होता.

२०२२ च्या थंडीत दुल्हेभाई, म्हणजे आपाचे नवरे, गेले. अंगणात जनाजा ठेवलेला, आपा भिंतीला टेकून बसलेली. चार-पाच बायका तिच्याभोवती आल्या आणि म्हणाल्या, “मेहर माफ कर दे आपा, मैयत पे बोझ नको.” आपा काही बोलली नाही. तिची मान जराशी हलली. ती रडताना हलली की होकारासाठी, हे तिला स्वतःलाही आज सांगता येत नाही. बायकांनी ते माफीत धरलं आणि निरोप बाहेर गेला. त्या बायका वाईट नव्हत्या. त्यांच्या आयांनी असंच केलं होतं, आणि गेलेल्या माणसाच्या अंगावर कर्ज राहू नये अशीच त्यांची तळमळ होती. पण कर्ज फेडायला वारस असतात. ते माफ करायची जबाबदारी बाईवरच का, आणि तीही नवऱ्याच्या जनाज्याशेजारी?

चाळिसाव्यानंतर दीर वाटणीला बसले. आपा तेव्हा इद्दतमध्ये, म्हणजे नवरा गेल्यावर बाई पाळते त्या मुदतीत, होती. तिला दोन मुली, मुलगा नाही. आम्ही मानतो त्या हनफी पंथाच्या शरियतीप्रमाणे बायकोला आठवा हिस्सा, मुलींना मिळून दोन तृतीयांश, आणि राहिलेले चोविसातले पाच भाग भावांचे. हे गणित त्यांना तोंडपाठ होतं आणि ते बरोबरही होतं. मात्र कुराणाच्या सूरह निसा या अध्यायात ज्या आयतींत हे हिस्से दिले आहेत, त्याच आयती सांगतात की वसियत आणि कर्ज भागवल्यावर वाटणी करा. उधार मेहर हे मयताच्या डोक्यावरचं कर्जच आहे. ते आधी, हिस्से नंतर. मी हे म्हटलं तेव्हा उत्तर आलं, “माफ झालाय. आणि कागद कुठाय?” ज्या काझींनी निकाह लावला ते वारलेले. त्यांच्या घरी वह्या होत्या, १९८८ ची नेमकी नव्हती.

साहेब, मेहर म्हणजे काय हे अनेकांना, आमच्यातल्यांनासुद्धा, नीट ठाऊक नसतं, म्हणून सांगते. मेहर म्हणजे मुलीची किंमत नाही, तो बापाच्या हातात जात नाही. मेहर म्हणजे तलाकनंतरची पोटगीही नाही. निकाहमुळे नवऱ्याकडून बायकोला द्यायचा तो हक्क आहे. सूरह निसाची चौथी आयत म्हणते, बायकांना त्यांचा मेहर खुशीने द्या. तीच आयत पुढे म्हणते की त्यांनी स्वतःच्या खुशीने त्यातलं काही सोडलं तरच ते खा. बाईची खुशी ही अट आहे. कलकत्ता उच्च न्यायालयाने १९२० मध्येच ठरवलं होतं की नवऱ्याच्या मृत्यूच्या दुःखात असताना बाईने दिलेली मेहरची माफी खऱ्या संमतीची नाही, ती तिच्यावर बंधनकारक नाही. शंभर वर्षं उलटली. आमच्या अंगणात ही गोष्ट अजून पोचलेली नाही.

मेहर दोन प्रकारचा. एक ताबडतोब द्यायचा, दुसरा पुढे कधीतरी द्यायचा. उर्दूत दोन्ही शब्द कानाला सारखेच, मुअज्जल. एक ऐन घालून लिहितात, दुसरा हमजा घालून. देवनागरीत लिहिले तर दोन्ही एकच. उर्दू न येणाऱ्या मुलीला आपण कशावर सही करतो आहोत हे कळावं कसं? बोलीत आपण नगद आणि उधार म्हणतो ते बरं, निदान समजतं. नगद असेल तर बायको केव्हाही मागू शकते. उधार असेल तर तलाक झाल्यावर किंवा नवरा गेल्यावर तो देणं लागतो, आणि तेव्हापासून दाव्याला तीन वर्षांची मुदत. आपाची ती मुदत कागद शोधण्यातच सरली.

रकमेचंही बघा. हनफी मताप्रमाणे मेहर कमीत कमी दहा दिरहम, म्हणजे तीस ग्रॅमच्या वर चांदी. पैगंबरांच्या मुलीच्या नावाने जो मेहर-ए-फातिमी सांगतात, तो दीड किलोच्या आसपास चांदी होतो. आणि आमच्याकडे अजून ७८६ रुपये मेहर ऐकू येतो. त्याच मांडवात मुलीच्या बापाने दिलेली मोटारसायकल, कपाट, फ्रीज टेम्पोतून उतरत असतात. जहेज घेणं १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने गुन्हा आहे आणि त्याच कायद्याने मेहर हुंड्याच्या व्याख्येतून वगळला आहे. म्हणजे जे कायद्याने द्यायचं ते ७८६ वर येतं आणि जे घ्यायचं नाही ते टेम्पो भरून येतं. मला याचा फार राग आहे आणि तो मी लपवत नाही.

रुपयांत लिहिलेला मेहर वर्षांबरोबर विरतो, हेही आहेच. पोटगीच्या खटल्याने गाजलेल्या शाहबानोंचं लग्न १९३२ चं, तलाक १९७८ चा, आणि मेहर म्हणून नवऱ्याने कोर्टात भरले ३,००० रुपये. आपाचे ११,००० घ्या. आज तेवढ्या पैशात ग्रॅमभर सोनं येणंही कठीण. म्हणून रकान्यात नुसता आकडा नको. रोख की सोनं-चांदी, वजन किती, नगद किती दिला, उधार किती राहिला, एवढं मराठीत लिहायची जागा हवी.

महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा आहे. गावात ग्रामपंचायतीत, शहरात महापालिकेत नोंद होते. नमुन्यात वधू-वरांची माहिती असते, तीन साक्षीदार सह्या करतात, लग्न लावणाऱ्याची, म्हणजे आमच्यात काझींची, माहिती द्यावी लागते. पासपोर्टसाठी आता मुसलमान जोडपीही हे प्रमाणपत्र काढतात. सगळे हजर असताना, सगळ्यांच्या सह्या होत असताना, मेहरची ओळ तेवढी नाही. ती असती तर पुरात घरचा कागद गेला तरी नोंद कार्यालयात राहिली असती आणि बाईला प्रमाणित नक्कल काढता आली असती.

काही जण म्हणतील, सरकार आमच्या शरियतीत हात घालतंय. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, ती का वाटते हे मला घरातून माहीत आहे. पण मेहर किती ठेवायचा हे सरकारने सांगावं असं मी मागतच नाही. ठरवतील दोन घरं, पढवतील काझी. सरकारने फक्त टिपून ठेवायचं. बांगलादेशात तर १९६१ पासूनचा नियम आहे की मेहर कसा द्यायचा हे निकाहनाम्यात लिहिलं नसेल तर पूर्ण रक्कम मागताक्षणी द्यावी लागते. आपण तेवढंही नाही, एक ओळ मागतो आहोत. कुराणानेच उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा असं सांगितलं आहे, सूरह बकरामध्ये. उसने दिलेल्या पैशांची चिठ्ठी आपण जपतो. बायकोच्या कर्जाची नोंद तेवढी नको, असं कोणता आलिम, धर्माचा जाणकार, म्हणेल?

आणखी एक विनंती. जमातींना आणि काझींना तुमच्या खात्याने निकाहनाम्याचा मराठी-उर्दू जोडनमुना छापून द्यावा. सक्ती करू नका, नुसता उपलब्ध करा. मिरजेत दोन-तीन बुजुर्गांशी मी बोलले, ते म्हणाले, आला तर वापरू.

आपाच्या धाकट्या मुलीचा निकाह येत्या डिसेंबरात आहे. मेहर ठरला आहे पाच तोळे सोनं, दोन नगद, तीन उधार. मुलाकडच्यांनी हो म्हणायला वेळ लावला नाही, ते आवर्जून लिहिते. दुसऱ्या आठवड्यात आम्ही महापालिकेत नोंदणीला जाऊ. नमुन्यात रकाना नसेल तर खालच्या कोऱ्या जागेत मी माझ्या अक्षरात मेहर लिहिणार आहे आणि मुलाची, मुलीची आणि तिन्ही साक्षीदारांची तिथे सही घेणार आहे. ती ओळ खिडकीवरच्या कारकुनाने खोडू नये, एवढी सूचना तरी तोपर्यंत पाठवा.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
मिरज, जि. सांगली