तक्रार: 'फुल एचडी सपोर्ट' सांगून विकलेल्या ८ इंची टॅबवर सिनेमे धूसर दिसतात

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

नमस्कार,

तुमच्या कंपनीचा ८ इंची टॅबलेट मी दीड महिन्यापूर्वी घेतला, बिल आणि ऑर्डर नंबर सोबत जोडलाय. हेल्पलाइनवर चार वेळा बोलून झालं, चारही वेळा तेच, नेट चेक करा नाहीतर रिसेट मारा. म्हणून आता सगळं लिहूनच पाठवतेय, जरा मोठं झालंय पण कृपया पूर्ण वाचा.

टॅब आईसाठी घेतला. तिच्या मनगटांना संधिवात आहे, १० इंची टॅब साधारण अर्ध्या किलोच्या आसपास जातो, तो धरून ती पंधरा मिनिटंसुद्धा बसू शकत नाही आणि मोबाईलवर चित्र फार बारीक पडतं, म्हणून मुद्दाम छोटा टॅब शोधला. तिला त्यावर सिरीयल, जुने सिनेमे आणि गाणी एवढंच बघायचंय. कॅमेरा किती मेगापिक्सेल, गेम किती फास्ट चालतात, मला कशाशीच घेणंदेणं नव्हतं, चित्र आणि आवाज चांगला हवा होता बस. तुम्हीही तो 'एंटरटेनमेंट टॅबलेट' म्हणूनच विकताय.

घ्यायच्या आधी तुमच्या चॅटवर मी सरळ विचारलं होतं की यावर ओटीटीचे सिनेमे एचडीमध्ये दिसतील ना, तर उत्तर आलं "हो, फुल एचडी सपोर्ट आहे". स्क्रीनशॉट जोडलाय. स्क्रीन १२८० बाय ८०० ची आहे हे मी पेजवर वाचलं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. १६:९ चा व्हिडिओ त्यात १२८० बाय ७२० मध्ये बसतो, वर-खाली ४०-४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतात, म्हणजे ७२०पी (साधं एचडी) तरी पूर्ण दिसायला हवं, आणि हातभर अंतरावरून ८ इंचावर तेवढं आईला पुरेसं होतं. (तसं २०१३ च्या नेक्सस ७ मध्ये ७ इंचातसुद्धा १९२० बाय १२०० स्क्रीन होती, पण ते राहू दे.)

प्रत्यक्षात काय झालं ते सांगते. पहिल्या आठवड्यातच आई म्हणायला लागली की माणसांचे चेहरे पुसल्यासारखे दिसतात, अंधारातला सीन आला की नुसते चौकोन चौकोन दिसतात, पडद्यावर एखादी चिठ्ठी दाखवली तर ती वाचता येत नाही. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, त्यामुळे तिला वाटलं डोळ्यातच परत काहीतरी झालं. मला न सांगता ती दोन-तीन दिवस घाबरून बसली होती, मग आम्ही डोळे तपासून आणले, डॉक्टर म्हणाले डोळे व्यवस्थित आहेत, चष्म्याचा नंबरही तोच आहे. मला सगळ्यात जास्त राग याचा आलाय. दोष टॅबमध्ये होता आणि माझी आई तो स्वतःच्या डोळ्यांत शोधत बसली.

मग मी शोधाशोध केली. यूट्यूब त्याच नेटवर ७२०पीला स्वच्छ चालतं, माझ्या जुन्या फोनवर तेच अकाउंट लावून तोच सिनेमा लावला तर तोही स्वच्छ, म्हणजे नेटचा काही प्रश्न नाही. शेवटी नेटफ्लिक्सच्या ॲपमध्ये ॲप सेटिंग्जमधलं प्लेबॅक स्पेसिफिकेशन उघडलं, तिथे लिहिलेलं होतं वाइडवाइन एल३. फोनवर एल१ आहे. सगळा घोळ इथेच आहे. सिनेमे कॉपी होऊ नयेत म्हणून ओटीटीवाले ते कुलूपबंद पाठवतात, त्या कुलपाचं नाव वाइडवाइन आणि एल१, एल३ या त्याच्या लेव्हल, एल१ असेल तर ते कुलूप प्रोसेसरच्या सुरक्षित भागात उघडतं, एल३ असेल तर नुसत्या सॉफ्टवेअरने, आणि बऱ्याच ओटीटी सर्व्हिस एल३ वाल्याला ४८०पीच्या वर काही देतच नाहीत. ४८०पी म्हणजे ८५४ बाय ४८०, साधारण ४ लाख पिक्सेल, आणि ७२०पीचे होतात ९ लाखांच्या वर. म्हणजे तुमच्याच स्क्रीनला लागतं त्याच्या निम्म्याहून कमी चित्र येतं आणि ते ताणून दाखवलं जातं. नेट कितीही वाढवा नाहीतर शंभर वेळा रिसेट मारा, यात काही फरक पडणार नाही, आणि हे तुमच्या हेल्पलाइनवाल्यांना माहीत असायला हवं.

'फुल एचडी सपोर्ट' म्हणजे मेमरी कार्डात टाकलेली १०८०पी (फुल एचडी) फाइल हा टॅब उघडू शकतो, एवढाच त्याचा अर्थ निघाला. मी विचारलं होतं ओटीटीचं आणि उत्तर दिलंत दुसऱ्याच गोष्टीचं. बॉक्सवर, पेजवर, माहितीपत्रकात वाइडवाइनचा एक शब्द नाही. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मात्र तीन ठिकाणी छापलेत.

आवाजाचंही बोलते. दोन स्पीकर आहेत पण दोन्ही खालच्या छोट्या कडेला, शेजारी शेजारी. सिनेमा बघायला टॅब आडवा धरला की दोन्ही एकाच बाजूला येतात, नेमका तिथेच आईचा उजवा हात येतो आणि संवाद दबून जातात. बॉक्सवर 'स्टिरिओ' लिहिलंय, पण स्टिरिओसाठी एक डाव्या बाजूला आणि एक उजव्या बाजूला लागतो, आणि आडवं धरूनच तर बघायचं असतं ना. हेडफोनचा जॅक ठेवलात हे मात्र खरंच चांगलं केलंत, सध्या तिचं त्यावरच भागतंय.

३२ जीबीतली सुरुवातीलाच १८ जीबी रिकामी होती. कार्ड टाकलं तर टॅब ते फॅट३२ या जुन्या पद्धतीनेच फॉरमॅट करतो, एक्सफॅट ही नवी पद्धत ओळखत नाही, त्यामुळे ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जातच नाही. हेही कुठे लिहिलेलं नाही.

आता माझं म्हणणं. या मॉडेलला अपडेटमधून एल१ देणार असाल तर कधी ते तारखेसकट लेखी कळवा, "लवकरच येईल" हे चालणार नाही. देणार नसाल तर टॅब परत घ्या आणि पूर्ण पैसे द्या. रिटर्नची मुदत संपली असं हेल्पलाइनवर सांगितलं, पण माझी पहिली तक्रार नवव्या दिवसाची आहे, तिचा नंबर जोडलाय, मधले दिवस तुम्ही रिसेट करायला लावण्यात गेलेत. बदलून त्याच मॉडेलचा दुसरा पाठवू नका, त्यातही एल३ च असणार. आणि या टॅबच्या पेजवर वाइडवाइनची लेव्हल आणि ओटीटीवर जास्तीत जास्त किती रिझोल्युशन मिळतं हे स्पष्ट लिहा, आजच लिहा, कारण तो अजून विकला जातोय आणि घेणाऱ्यांत माझ्या आईसारखे बरेच असणार.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवं. नाही आलं तर ग्राहक आयोगात जाणार आहे, कागद तयार ठेवलेत. फोन करायचा असेल तर ज्यांना वाइडवाइन म्हणजे काय ते माहीत आहे त्यांनीच करा, आणि माझ्या नंबरवर करा, आईच्या नको.

तुमची ग्राहक

सोबत: बिल, चॅटचा स्क्रीनशॉट, प्लेबॅक स्पेसिफिकेशनचे दोन फोटो (टॅब आणि फोन), पहिल्या तक्रारीचा मेसेज